ऐकू येतंय का सर

प्रत्येक कॉलेजात ते एकच असतात, आणि एकच पुरतात. सावंतवाडीला असतात, उदगीरला असतात, आमच्या कांद्याच्या पट्ट्यातल्या तालुक्याच्या कॉलेजात तर आहेतच. कागदोपत्री ते अर्थशास्त्राचे सहयोगी प्राध्यापक. पण त्याखाली आयसीटी समन्वयक, 'स्वयम्'चे मेंटॉर, संकेतस्थळ समितीचे सदस्य, ई-कंटेंट विभागाचे प्रमुख (त्या विभागात दुसरं कोणी नाही) अशी यादी सुरू होते आणि दारावरची पाटी संपली तरी यादी संपत नाही. मुलांनी ही सगळी पदं रद्द करून त्यांना एकच नाव दिलं आहे: 'ऐकू येतंय का सर'. ते इतकं पक्कं झालंय की परवा एक पालक स्टाफरूमच्या दारात येऊन अगदी आदरानं म्हणाले, "ते ऐकू येतंय का सर भेटतील का?" आणि कोपऱ्यातून सरांनी स्वतःच उत्तर दिलं, "येतंय. या."

मी त्याच स्टाफरूममधला मराठीचा मास्तर. सरांचं टेबल माझ्या टेबलाला लागून असल्यामुळे त्यांचे चार्जर, वायरी, रिंग लाइट आणि उसासे यांतला बराचसा भाग माझ्या हद्दीत येतो. तेवढ्या अतिक्रमणाच्या बदल्यात हे लिहायचा हक्क मला आहे, असं मी समजतो.

२०२०च्या मार्चपर्यंत सर खडूचे माणूस होते. मागणीचा वक्र ते एका दमात असा देखणा काढत की तो पुसायला शिपाईमामांच्या जिवावर यायचं. यंत्र म्हणाल तर एक कॅल्क्युलेटर, तोही पेपर तपासणीच्या दिवसांत बाहेर निघणारा. मग कॉलेजं बंद झाली आणि एका संध्याकाळी प्राचार्यांनी पहिली ऑनलाइन बैठक घेतली. "ऑनलाइन तासांची जबाबदारी आपल्यापैकी कोण घेईल?" असा प्रश्न आला, तेव्हा समस्त प्राध्यापकवर्गानं शिस्तीत आपापले आवाज बंद ठेवले. नेमका सरांचा माइक चालू होता आणि ते स्वयंपाकघराकडे मान वळवून म्हणत होते, "मी घेतो, मी घेतो." चहाबद्दल. ज्याचा आवाज येतो त्याची चौकट पडद्यावर उजळते, सरांची उजळली. प्राचार्य म्हणाले, "अभिनंदन." महाराष्ट्रातले निम्मे आयसीटी समन्वयक असेच नेमले गेले असावेत, असा माझा दाट संशय आहे.

त्या काळातला त्यांचा तास मी शेजारधर्म म्हणून बसून ऐकलेला आहे. झूमच्या फुकट खात्यावर बैठक चाळीस मिनिटांनी आपोआप तुटायची. त्यातली पहिली दहा मिनिटं 'ऐकू येतंय का?' यात जायची, पुढची पाच 'स्क्रीन दिसतेय का?' यात. उत्तरं यायची, पण एकमेकांशी न जुळणारी. एकाला ऐकू यायचं पण दिसायचं नाही, दुसरीला दिसायचं पण ऐकू यायचं नाही, आणि तिसऱ्याचं 'येस सर' वाटेत रेंगाळून बरोबर अशा वेळी पोचायचं, जेव्हा सर विचारत असायचे, "हे कोणाला अजिबात समजलेलं नाही?"

हजेरीचा प्रकार आणखी निराळा. पडद्यावर मुलांची नावं नसायची, फोनची असायची. "रेडमी नोट सेव्हन कोण?" सर विचारायचे. तिघं बोलायचे. "ओप्पो ए फाइव्ह एस?" "सर मी, भावाचा फोन आहे. भाऊपण तुमच्याच वर्गात आहे. आज मी बसलोय, उद्या तो बसंल." एका घरात एक फोन आणि शिकणारे तिघं, असली घरं वर्गात किती आहेत हे सरांना फळ्यासमोर उभं राहून इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. त्यांनी हजेरीपत्रकात हातानं रेघ मारून एक नवा रकाना काढला: 'फोन कोणाचा'. त्यात वडील, काका, शेजारी, दूध डेअरी अशा नोंदी आहेत. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या कोणत्याही निकषात तो रकाना बसला नाही. सरांनी तो अजून चालू ठेवलेला आहे.

मुलं कुठून कुठून बसायची! सिंधुदुर्गातल्या पशुवैद्यक शिकणाऱ्या एका मुलीनं रेंजसाठी डोंगरावर झोपडी उभारली, त्याची बातमी देशभर गाजली. आमच्याकडे पाण्याच्या टाकीवर चढणाऱ्यांची बातमी झाली नाही, कारण ते रोज चढायचे. कोणी शेततळ्याच्या बांधावर, कोणी मेडिकलच्या काउंटरमागं. एक जण पेट्रोल पंपावर कामाला असायचा आणि 'सीमांत उपयोगिता' ऐकता ऐकता मध्येच "साहेब, झिरो बघा" म्हणायचा. माइक चुकून चालू राहिला की अख्खं घर वर्गात यायचं. कुकरच्या शिट्ट्या यायच्या, म्हशी रेकायच्या, "अगं, दूध उतू गेलं!" अशी घरगुती वित्तीय तुटीची वार्ता यायची.

अशाच एका चालू माइकमधून सरांना त्यांचा सर्वांत गुणी विद्यार्थी मिळाला. एका मुलीची आजी. नात फोन खाटेवर ठेवून कामाला लागायची आणि आजी तास ऐकायची. चलनवाढीचा धडा होता. "पैशाचं मूल्य घटतं म्हणजे नेमकं काय होतं?" असं सरांनी पन्नासेक फोनांना विचारलं. सगळीकडे चिडीचूप. मग खाटेवरून आवाज आला, "म्हंजे मास्तर, पहिलं चार आन्याला पिशवी भरून बाजार यायचा. आता रिकामी पिशवीच धा रुपयाला." सर इतके हरखले की पुढं कित्येक दिवस प्रत्येक प्रश्नानंतर त्यांची पुस्ती ठरलेली, "आजी आहेत का?" सत्राच्या अखेरीस 'सर्वाधिक सहभाग' या प्रमाणपत्रावर नाव नातीचं पडलं. आजींचा प्रवेश झालेला नव्हता.

कॉलेजं पुन्हा उघडली. फळा जागेवर होता, मामा जागेवर होते, पण सर जुन्या जागेवर येऊ शकले नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगानं मे २०२१मध्येच एक टिपण काढून सुचवलं होतं की कोणत्याही विषयाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकवावा आणि उरलेला प्रत्यक्ष वर्गात. टिपण सूचना मागवण्यासाठी होतं. पण आमच्याकडे आयोगाची सूचना आणि आयोगाचा आदेश यांत फरक करायची पद्धत नाही. प्राचार्यांनी टिपण सरांच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "यातले चाळीस टक्के तुम्ही बघा." उरलेले साठ कोण बघणार, हे त्यांनी सांगितलं नाही. तेही सरच बघतात.

मग सर प्रशिक्षणाला गेले. उजळणी वर्गात त्यांना समजलं की मार्क प्रेन्स्की नावाच्या एका अमेरिकन लेखकानं २००१ सालीच एक लेख लिहून मुलांना डिजिटल जगाचे मूळ रहिवासी ठरवलंय आणि शिक्षकांना तिथं बाहेरून आलेले स्थलांतरित. स्थलांतरित ओळखायचा कसा? तर तो आलेला ई-मेल छापून वाचतो. सर मान खाली घालून परतले. आमच्या कॉलेजात ई-मेल छापला तर जातोच, शिवाय त्यावर आवक क्रमांक पडतो आणि 'पाहिले' म्हणून प्राचार्यांची सही होते.

पण रहिवाशांची अवस्था काय होती? सरांनी पहिली असाइनमेंट ई-मेलनं मागवली. रीलमध्ये गाणं, अक्षरं आणि स्वतःचे तीन पोशाख एका अंगठ्यानं बसवणारी मुलगी दुसऱ्या दिवशी स्टाफरूमच्या दारात उभी. "सर, ई-मेल आहे माझा, पण पासवर्ड मोबाइलवाल्या दादाकडं आहे." फोन घेतला त्या दिवशी दुकानातल्या पोरानं खातं उघडून दिलेलं, तो पोरगा आता नाशिकला असतो. ज्यांना जमलं त्यांचे ई-मेल विषयाविना आले. काहींच्या मजकुरात फक्त 'सर' एवढंच. एकानं वहीच्या एकोणीस पानांचे एकोणीस सुटे फोटो पाठवले. अकरावा उलटा, चौदाव्यात शहाबादी फरशी आणि मांजराचं शेपूट, आणि प्रत्येकात डावा अंगठा, जणू खरेदीखत असावं. सरांनी एक अख्खा तास 'फोटोंची पीडीएफ कशी करावी' यावर घेतला. त्याचं चित्रण त्यांच्या यूट्यूब चॅनलवर आहे आणि आजही तिथं सर्वांत जास्त पाहिला जाणारा व्हिडिओ तोच आहे. अर्थशास्त्र त्याच्या खाली बरंच अंतर राखून बसलंय. माझं मत विचाराल तर ही मुलं त्या गावची रहिवासी खरी, पण बाजारपेठेतली. तिथल्या कचेरीच्या गल्लीत त्यांना कोणी कधी नेलेलंच नाही.

चॅनलचा विषय निघालाच आहे तर सांगतो. सरांचा पहिला व्हिडिओ बावन्न मिनिटांचा होता. त्यात सुरुवातीला सरस्वतीचा फोटो, मग संस्थेचं बोधचिन्ह, मग संस्थापकांचा फोटो, मग प्राचार्यांचा, आणि सातव्या मिनिटाला अर्थशास्त्र. लोक सरासरी किती वेळ थांबतात याचा आलेख यूट्यूब दाखवतं; सरांच्या विद्यार्थ्यांतले बहुतेक सरस्वतीलाच नमस्कार करून परतत होते. तेवढ्यात कुणीतरी त्यांना २०१४चं एक संशोधन पाठवलं. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावर व्हिडिओ पाहिला गेल्याचे ६९ लाख प्रसंग तपासून काढलेला निष्कर्ष: व्हिडिओ कितीही मोठा असो, पाहणाऱ्याचं लक्ष फार तर सहा मिनिटं टिकतं. सरांनी त्याच रात्री बावन्न मिनिटांचे नऊ तुकडे केले. पहिल्या भागाला वर्गाएवढे प्रेक्षक मिळाले, चौथ्याला बाकाएवढे, नवव्याला दोन. त्या दोघांतले एक सर स्वतः, आवाज नीट आलाय का हे बघायला. दुसरा कोण, याचा शोध अजून चालू आहे.

परीक्षेच्या आदल्या रात्री मात्र आलेख आकाशाला भिडायचा. रात्री दीड वाजता वर्गच्या वर्ग सरांना बघत असायचा. सर सकाळी तो आलेख मला कौतुकानं दाखवायचे. मी एका पोराला विचारलं, एका रात्रीत नऊही भाग बघून होतात? तो म्हणाला, "दुप्पट वेगानं लावतो ना सर."

पुढं सरांच्या हाती 'उलटा वर्ग' लागला. २००७च्या सुमारास अमेरिकेत कोलोरॅडोतल्या रसायनशास्त्राच्या दोन शिक्षकांनी, खेळाच्या सामन्यांपायी तास बुडणाऱ्या मुलांसाठी आपले पाठ चित्रित करून ठेवले, आणि त्यातून ही पद्धत वाढली: व्याख्यान घरी बघायचं, वर्गात चर्चा आणि उदाहरणं सोडवायची. सरांनी सोमवारी व्हिडिओ टाकला, बुधवारी चर्चेला उभे राहिले. व्हिडिओ कोणीच पाहिलेला नव्हता. आता चर्चा कशावर करणार? सरांनी प्रोजेक्टर लावला आणि वर्गातच व्हिडिओ सुरू केला. भिंतीवर एक सर, फरशीवर एक सर. भिंतीवरचे बोलत होते आणि फरशीवरचे, मध्येच कुणी हसलं की, स्वतःलाच थांबवून "काय झालं?" विचारत होते. अशा थांबण्यानं तास लांबला. मागच्या बाकावरून सूचना आली, "सर, भिंतीवरच्या सरांना जरा फास्ट करा." सरांनी केलं. वर्ग खूश झाला. मग व्हिडिओ संपला, फरशीवरचे सर एकपट वेगानं बोलू लागले आणि पहिल्या बाकावरच्या मुलीच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला करुणा म्हणतात.

पण हटणं हा शब्द सरांच्या शब्दकोशात नाही. त्यांनी काहूट आणलं. नॉर्वेत जन्मलेला आणि २०१३पासून जगभर वर्गावर्गांत खेळला जाणारा हा प्रश्नमंजुषेचा खेळ; पडद्यावर प्रश्न, हातातल्या फोनवर चार रंग, वर ढॅणढॅण संगीत आणि शेवटी विजेत्यांचा चौथरा. त्या दिवशी मात्र वर्ग हलला. कधी तोंड न उघडणारी पोरं बाकावर उभी राहून ओरडत होती. आवाज ऐकून प्राचार्य स्वतः दारात आले आणि 'विद्यार्थिकेंद्रित अध्यापन' डोळ्यांनी दिसतंय म्हणून तिथंच थांबले. या खेळात प्रत्येकानं आपलं टोपणनाव स्वतः टाकायचं असतं, हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. चौथरा आला. तिसरा क्रमांक 'कांदाभजी'. दुसरा क्रमांक 'रेंज नाय'. पहिला क्रमांक 'फी कधी माफ करता'. प्राचार्यांनी चष्मा सावरला आणि सवयीनं म्हणाले, "विजेत्यानं पुढं यावं." कोणीही पुढं आलं नाही. तरी फोटो काढला गेला, अक्षांश-रेखांशासह. नॅकच्या कागदपत्रांत असे जिओटॅग केलेले फोटो जोडावे लागतात. त्यामुळे ते नाव आता चौथऱ्यासकट आमच्या अहवालात कायमचं गेलं आहे.

दुसऱ्या दिवशी सरांनी खेळातलेच प्रश्न तोंडी विचारले. उत्तरं कोणाला आठवत नव्हती. संगीत सगळ्यांना पाठ होतं.

आता व्हॉट्सॲप. सरांचा ग्रुप आहे, 'एफवाय इको ऑफिशियल'. तिथं सर सकाळी सहा वाजता फुलांच्या चित्रासह सुप्रभात घालतात आणि त्याखाली आजच्या पाठाचा दुवा. त्यावर संध्याकाळपर्यंत 'ओके सर' असे साठ संदेश येतात. दुवा उघडणारे चार. सर काहीही टाकोत, 'ओके सर' येतंच. एकदा त्यांनी चुकून घरचं वीजबिल टाकलं. साठ 'ओके सर' आले. एकानं 'थँक्यू सर' म्हटलं.

प्रत्येक वर्गाचा दुसरा एक ग्रुप असतो, ज्यात सर नसतात. ह्या वर्गाच्या ग्रुपचं नावच 'सर नाहीत'. तिथं काय चालतं याबद्दल स्टाफरूममध्ये अनेक भयंकर समजुती होत्या. एके दिवशी कुणा पोराला 'सरला' नावाच्या वर्गमैत्रिणीला त्यात घ्यायचं होतं. फोनच्या यादीत तिच्या लगेच वर 'सर' होते. बोट एक ओळ चुकलं. सर आत गेले.

आत अभ्यास चालला होता. वहीची पानं फिरत होती, कालच्या तासाचे फोटो होते, 'हे कुणी सांगा रे' म्हणून ओरडा होता. आणि मागच्या बाकावरची एक मुलगी, जिचा आवाज सरांनी दोन सत्रांत ऐकला नव्हता, व्हॉइस नोटवर मागणीची लवचीकता समजावून सांगत होती. "हे बघ, कांद्याचा भाव पडला म्हणून तुझी आई भाजीत दुप्पट कांदा घालती का? नाय ना? भाव वाढला तरी फोडणीला लागतोच. झालं, लवचीक नाय. आन् स्टँडवरच्या पाणीपुरीवाल्यानं पाच रुपये वाढवले का आपण लगेच वडापावकडं. ते लवचीक. सर हेच सांगत व्हते पण लय मोठं करून." नोट पाऊण मिनिटाची होती. खाली वीस जणांनी हृदयं टाकली होती. सरांच्या सहा मिनिटांच्या व्हिडिओला तोवर एकही हृदय आलेलं नव्हतं.

सरांनी ती नोट ऐकली आणि मुकाट्यानं बाहेर पडले. बाहेर पडलं की तेव्हा ग्रुपवर तशी ओळ उमटायची, हे ते विसरले. 'सर नाहीत' या ग्रुपमधून सर बाहेर पडले, हे वाचून वर्गाला जो घाम फुटला तो दोन दिवस निघत होता. शिक्षा काही झाली नाही. झालं ते असं की त्या आठवड्यापासून सरांनी सुप्रभातची फुलं बंद केली आणि त्याजागी एक काम दिलं. ज्यांच्या घरचा माल बाजार समितीत जातो त्यांनी लिलाव झाला की भाव सांगणारी व्हॉइस नोट टाकायची: किती वाहनं आली, कमीत कमी काय निघाला, जास्तीत जास्त काय. ज्यांच्या घरी शेती नाही त्यांनी संध्याकाळी दुकानातला किरकोळ भाव सांगायचा. वर्गात आलं की सर खडू घेऊन दोन्हींचा आलेख काढायचे. खडूनं! तो जुना देखणा वक्र तेव्हा बऱ्याच वर्षांनी पाहिला मी. मामांनीही दारातून पाहिला.

लासलगावची बाजारपेठ आमच्यापासून फार लांब नाही, त्यामुळे पाठ्यपुस्तकाला तोंड द्यायला मुलांकडे दारूगोळा भरपूर. २०२३च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं, जिल्ह्यातले लिलाव बंद पडले, आणि ग्रुपवर दिवसाला शंभर नोटा येऊ लागल्या. फक्त परीक्षेचा फॉर्म भरायला तोंड दाखवणारा एक पोरगा चार मिनिटं बोलला. बाप, व्यापारी, सरकार आणि शहरातलं गिऱ्हाईक या चौघांची बाजू त्यानं क्रमानं मांडली आणि शेवटी म्हणाला, "सर, तुमच्या आकृतीत ह्यातला बाप कुठं बसतो ते दाखवा." सरांना ते लगेच दाखवता आलं नाही. पुढचे तीन तास त्यावरच गेले, आणि त्या तीन तासांत कोणी फोन खाली घातला नाही की वर काढला नाही. "आयोगाचे चाळीस टक्के काय आणि शुल्काचे चाळीस टक्के काय, दोन्ही आमच्याच पट्ट्यात वसूल व्हायचे होते," असं सर त्या दिवशी म्हणाले. त्यांचा हा विनोद मला आवडला. प्राचार्यांना नाही.

डिसेंबरात थेट निर्यातबंदीच आली. भाव कोसळले तशा नोटाही थांबल्या. एरवी सरांनी ग्रुपवर हाका मारल्या असत्या. या वेळी त्यांनी 'फोन कोणाचा' हा रकाना उघडला आणि एकेका घरी फोन लावला. दोघं दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जात होते. एकीची फी भरायची राहिली होती. सरांनी काय केलं ते मला माहीत आहे, पण त्यांनी ते सांगू नका म्हटलंय.

एवढं झाल्यावर प्राचार्य म्हणाले, हा उपक्रम नॅकच्या 'बेस्ट प्रॅक्टिस'मध्ये घालू. सर तक्ता भरायला बसले. "यात ऑनलाइन काय आहे?" प्राचार्यांनी विचारलं. "व्हॉट्सॲप." "ते तर माझी सासूही वापरते. प्लॅटफॉर्म कोणता लिहिणार? आणि फोटो?" आवाजाचा जिओटॅग फोटो कसा काढायचा, यावर समितीची बैठक झाली. शेवटी सरांना गेटजवळ उभं करून, फोन कानाला लावून फोटो काढला. खाली अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ. फोटोत सर अतिशय लक्षपूर्वक ऐकताना दिसतात. प्रत्यक्षात फोन बंद होता.

हल्ली नवं संकट आलंय. असाइनमेंटा सुरेख येऊ लागल्या आहेत. ज्या पोराला 'अर्थशास्त्र' लिहिताना रफार सापडत नाही, त्याच्या उत्तरात 'समष्टिलक्ष्यी परिप्रेक्ष्य' येतं. परवाच्या एका वहीचं पहिलं वाक्य होतं, 'नक्कीच! तुम्ही दिलेल्या विषयावर मी खाली सविस्तर उत्तर देत आहे.' पोरानं ते स्वतःच्या हातानं, शाईच्या पेनानं, उद्गारचिन्हासकट उतरवलं होतं. सरांनी तोडगा काढला: उत्तर घरच्या किराणा बिलावरून लिहा. मुलांनी बिलंही यंत्राकडूनच बनवून घेतली. वस्तीवर राहणाऱ्या चार घरांत एकाच महिन्यात ऑलिव्ह ऑइल आणि ॲव्होकॅडो आलेले पाहून सरांनी चौघांनाही बोलावलं, समोर बसवलं आणि तोंडी विचारलं, "ॲव्होकॅडोची भाजी कशी करतात?" त्यातला एक म्हणाला, "सर, आई करती. मी फक्त खातो." त्याला सरांनी दोन गुण दिले. बाकीच्या तिघांना शून्य.

जूनपासून सरांकडे कॉलेजच्या नव्या एआय समितीचंही प्रमुखपद आलं आहे. मानधनाचा रकाना कोरा आहे. चॅनल अजून चालू आहे, आणि रविवारी 'सीमांत उपयोगिता'चा नवा भाग येतोय, साडेपाच मिनिटांचा, यंदा सरस्वती आणि संस्थापक वगळून. माझी तुम्हाला एवढीच विनंती, तो बघा, आणि शक्यतो एकपट वेगानं बघा. खाली मोजणी दिसते. सर ती रात्री झोपण्याआधी बघतात.